मेतोदीच्या गाडीखालचं पाणी

त्रोयान गावात मेतोदी ग्रोझ्दानोवइतका मन लावून घाबरणारा माणूस दुसरा नव्हता. तो विम्याच्या कचेरीत नुकसानभरपाईच्या टेबलावर बसायचा, आणि त्या टेबलावर उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाकडून धीटपणाची अपेक्षा करणंच चूक आहे. तुम्हाआम्हाला सज्जातली कुंडी नुसती कुंडी दिसते. मेतोदीला ती खालून चाललेल्या माणसाच्या डोक्यासकट दिसायची. गॅस बंद केला का हे बघायला तो अर्ध्या जिन्यातून परत वर यायचा. बंद आहे हे बघून खाली उतरला की, बघण्याच्या नादात आपल्याच हातून सुरू तर झाला नाही ना, म्हणून पुन्हा वर यायचा.

अशा माणसाला त्याच्या मुलीने, रालित्साने, एका संध्याकाळी जेवताना सहज सांगितलं, "बाबा, बॉलला मी आपल्या गाडीतून जाणार. तू चालव."

मेतोदीच्या हातातला चमचा सूपमध्ये पडला. बारावी संपल्यावरचा बॉल, म्हणजे शाळेच्या निरोपाचा नाच-समारंभ, ही काय थोडीथोडकी गोष्ट आहे? अख्खं गाव चौकात जमतं. पोरी नटूनथटून, पोरं सुटाबुटात, शाळेपासून हॉटेलापर्यंत गाड्यांची मिरवणूक, भोंगे, फुगे आणि डोळे पुसणाऱ्या आया. मेतोदीची सासू त्सोना आजी नेहमी म्हणायची की लग्न माणसाचं दोनदासुद्धा होतं, बॉल एकदाच होतो. रालित्साच्या वर्गातल्या पोरांनी उघड्या टपाच्या गाड्या ठरवून ठेवल्या होत्या. तिच्या मामाने आपली कोरी करकरीत पांढरी गाडी देऊ केली होती. ती नाकारून ही पोरगी म्हणत होती, आपली गाडी! म्हणजे मेतोदीच्या वडिलांनी घेतलेली, विटकरी रंगाची, रालित्साहून वयाने बरीच मोठी, आणि चौथ्या गियरमध्ये टाकताना जिची परवानगी घ्यावी लागते ती.

मेतोदीला अगदी भरून आलं. आपल्या पोरीला आपली लाज वाटत नाही, याहून बापाला दुसरं काय हवं असतं? पण तो आनंद घशाखाली उतरतो न उतरतो तोच त्याला तो चौथा गियर आठवला. भर चौकात, सगळ्या गावासमोर गाडी बंद पडली तर? पोरगी सप्टेंबरात हॉलंडला शिकायला जाणार. जन्मभर तिला बॉल आठवला की बापाची बंद पडलेली गाडी आठवणार. त्या रात्रीपासून मेतोदीची झोप उडाली.

दोन महिन्यांनी परीक्षेचा पहिला दिवस उजाडला. मेतोदीच्या बायकोने, स्नेझानाने, दाराबाहेरच्या पायरीवर पेलाभर पाणी सांडलं. महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसाच्या वाटेवर पाणी सांडायचं, म्हणजे काम पाण्यासारखं सरळ वाहत जातं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रालित्सा त्या पाण्यावरून टुणकन उडी मारून गेली. तिच्यामागून मेतोदीही गेला, पण कठडा धरून. ओल्या पायरीवरून घसरून माकडहाड मोडल्याची प्रकरणं त्याच्या टेबलावरून थोडी गेली नव्हती.

खाली आला आणि गाडीपाशीच थबकला. गाडीच्या नाकाखाली चांगलं ताटाएवढं थारोळं साचलं होतं.

इमारतीसमोरच्या बाकावर पेन्कोकाका ऊन खात बसले होते. पेन्कोकाकांची हयात लोकरीच्या गिरणीतल्या बॉयलरवर गेली होती आणि जगातली प्रत्येक वस्तू हा मुळात एक बॉयलरच आहे असं त्यांचं ठाम मत होतं. माणसाचं हृदय, सरकार, त्यांची बायको, सगळं त्यांनी त्याच हिशेबाने समजून घेतलं होतं.

"काय रे मेतोदी, भूत पाहिल्यासारखा उभा का?"

"काका, पाणी."

"पाणी मलाही दिसतंय, पोरा. कुठून आलं ते बोल." काका गुडघ्यावर हात टेकत उठले, खाली वाकले, आणि मेतोदी "अहो, विषारी असतं ते!" म्हणेपर्यंत त्यांनी बोट बुडवून चाटलंसुद्धा. मग डोळे मिटून थोडा वेळ विचार केला. "साधं पाणी आहे. चांगलं गोडं, झऱ्यासारखं."

"पण माझं कूलंट निळं आहे, काका."

"होतं. निळेपणा केव्हाच गळून गेला. आता नुसतं पाणी उरलंय, तेही चाललंय. पोरा, रेडिएटर गेला तुझा. नाहीतर पंप. नाहीतर…" इथे काकांनी आवाज खाली आणला, "…हेड गॅस्केट."

हेड गॅस्केट हे शब्द ऐकताच मेतोदीची पाचावर धारण बसली. गॅस्केट म्हणजे नेमकं काय ते त्याला ठाऊक नव्हतं, पण ती गेली की गाडीवाल्याने आशा सोडायची असते एवढं त्याने ऐकलं होतं. त्याने बॉनेट उघडलं. टाकी काठोकाठ भरलेली होती, आणि आत निळंशार कूलंट.

"भरलेली आहे, काका! निळीच आहे!"

"तेच तर वाईट," पेन्कोकाका मान हलवत म्हणाले. "वरून भरलेला दिसणारा बॉयलरच फुटतो."

आता एखादा शहाणा माणूस म्हणेल, टाकी भरलेली आहे, थारोळं साध्या पाण्याचं आहे, म्हणजे गाडी ठणठणीत आहे. पण घाबरलेल्या माणसाला चांगली बातमी कधी पटलीय? इतक्यात दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि दिमित्रीनाबाई बाहेर झुकल्या. बाई आमच्या इमारतीच्या व्यवस्थापक. निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नव्हतं, त्यामुळे हे पद आपल्याला देवाकडून मिळालंय असं त्यांना वाटायचं.

"मेतोदी! आवारात काही सांडायचं नाही हे ठरलंय ना? बैठकीत तुम्हीच हात वर केला होतात!"

"मी सांडलं नाही हो, गाडीने सांडलं."

"गाडी कुणाची?"

तो खालमानेने फडकं आणायला वर गेला.

मग त्याने गाडीखाली पुठ्ठे अंथरले. दर थोड्या वेळाने येऊन तो पोटावर झोपून पुठ्ठ्यांना हात लावून बघायचा. पुठ्ठे कोरडेच. दिवसभर कोरडे, दुसऱ्या दिवशीही कोरडे. पेन्कोकाकांनी निदान केलं की ही गळती चोरटी आहे, माणूस बघत असला की थांबते. मेतोदीने गावातल्या मेकॅनिकांना फोन लावून पाहिले. पण बॉलच्या आठवड्यात त्रोयानमधला मेकॅनिक सापडणं म्हणजे लग्नसराईत बँडवाला सापडण्यासारखं आहे. सगळे पोरांच्या उघड्या गाड्या चमकवण्यात बुडालेले. एकाने फोनवर गाडी कुठल्या सालची ते विचारलं आणि ऐकल्यावर नुसतं "धीर धरा" म्हणून ठेवून दिला.

पण मेतोदीला सगळ्यात जास्त घाबरवलं ते त्सोना आजीने. ही बाई म्हणजे अखंड चालू असलेला रेडिओ. जावई चुकला की बोलायची, न चुकला तर त्याचं आश्चर्य वाटल्याचं बोलायची. आणि आता जावई गाडीखाली लोळतोय, शेजारीपाजारी जमलेत, आणि आजी सज्जात बसून मूग गिळून गप्प! मेतोदीने वर पाहिलं की ती पटकन तोंड फिरवायची.

"आईंना बरं नाही का?" त्याने स्नेझानाला विचारलं.

"तिला काय झालंय? दोन वेळा नीट जेवली."

"मग बोलत का नाहीत? त्यांना कळलंय स्नेझाना. म्हाताऱ्या माणसांना आधी कळतं. ही गाडी जायची."

"अरे, दादाची पांढरी गाडी घेऊ या ना मग! कशाला जिवाला घोर?"

"पोरीने आपली गाडी मागितलीय," मेतोदी म्हणाला, आणि आयुष्यात प्रथमच त्याला भीती वाटत असूनही एखादी गोष्ट करायची होती. त्यामुळे तो अधिकच घाबरला.

दुसऱ्या पेपरच्या सकाळी पुन्हा थारोळं. आणि या वेळी परातीएवढं. पुठ्ठे भिजून लगदा झालेले. आता मात्र वाट बघण्यात अर्थ नव्हता. परवावर बॉल आला होता. पेन्कोकाका बाह्या सरसावून, गिरणीतून निवृत्त होताना आठवण म्हणून आणलेला पाना घेऊन हजर झाले. तो पाना बॉयलरचा होता. त्याच्यापुढे गाडीचं इंजिन भातुकलीतल्या चुलीसारखं दिसत होतं.

"काका, जरा हळूच हं."

"तू फक्त टॉर्च धर. हा बघ, रेडिएटरच्या तोंडाला होज पाइप जोडलाय. त्याची क्लिप ढिली आहे. इथूनच गळतंय."

"पण इथे ओलं दिसत नाही."

"इंजिन गार आहे म्हणून. बॉयलर पेटला की बघ."

काकांनी क्लिप सोडवली, पाइप काढला, कूलंट बादलीत उतरवलं, आणि नेमकी दुपारची शांततेची वेळ सुरू झाली. आमच्याकडे दुपारी इमारतीत कुणी ठोकाठोक करायची नाही, पानासुद्धा वाजवायचा नाही. दिमित्रीनाबाई घड्याळ घेऊन खिडकीत उभ्याच होत्या.

"बंद करा! लोक झोपलेत!"

"अहो पण गाडी उघडी पडलीय!"

"तिला पांघरूण घाला!"

पोट उघडलेल्या गाडीशेजारी मेतोदी ती सगळी दुपार बसून राहिला. त्या उघड्या पाइपातून आत धूळ जाईल, माशी जाईल, मांजर जाईल, असं त्याला वाटत राहिलं. त्याने पाइपाच्या तोंडाला आपला रुमाल लावला. मग तो आत ओढला जाईल म्हणून काढला. मग परत लावला.

चार वाजता काकांनी पाइप पुन्हा बसवला आणि क्लिप आवळायला घेतली. बॉयलरच्या पान्याने एक वेढा, दोन वेढे. "अजून एक," म्हणाले, आणि कट्ट असा बारीक आवाज आला.

"काय झालं, काका?"

"बसला," काका म्हणाले. "हा आवाज चांगला. माप बरोबर बसलं की येतो."

माप बसलं नव्हतं. रेडिएटरचं प्लॅस्टिकचं तोंड तडकलं होतं. गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात त्या फटीतून निळा थेंब आला, मग दुसरा, मग तिसरा, आणि त्यांच्यात चांगली ओळख जुळल्यासारखी बारीक धार लागली. मेतोदीच्या तोंडचं पाणी पळालं. पेन्कोकाका मात्र खूश झाले. "बघ! बघ! मी म्हणत नव्हतो इथूनच गळतंय? आता दिसलं की नाही डोळ्याने?"

यावर इलाजही काकांपाशी होता. लष्करात असताना त्यांनी ट्रकच्या रेडिएटरमध्ये अंड्यांचा पांढरा बलक ओतलेला पाहिला होता. गरम झाला की बलक घट्ट होतो आणि फट बुजवतो. वर काळी मिरी, म्हणजे बारीकसारीक भेगांना. मेतोदी स्वयंपाकघरात गेला आणि आजीने बॉलच्या केकसाठी ठेवलेली अंडी उचलू लागला, ते आजीने पाहिलं. तिचं तोंड उघडलं, ओठ हलले, मान लाल झाली, आणि एक शब्द न बोलता तिने तोंड मिटलं. मेतोदीच्या हातून एक अंडं तिथेच फुटलं. सासू अंड्यांवरूनसुद्धा बोलत नाही म्हणजे काहीतरी भयंकर होणार, याबद्दल आता त्याच्या मनात शंका उरली नाही.

मिरीची अख्खी पुडी आणि पाच अंड्यांचा बलक पिऊन गाडीची धार थांबली. पेन्कोकाकांनी मेतोदीच्या पाठीवर थाप मारली. पण मेतोदीला चैन पडेना. बॉलच्या दिवशी पहाटे, फटफटायच्या सुमारास, तो पायजम्यावरच खाली आला आणि बलक टिकलाय का ते बघायला गाडीखाली पाठीवर सरपटत शिरला. टॉर्च दातांत धरला. वर बघितलं. कोरडं होतं. जीव भांड्यात पडायच्या बेतात होता.

तेवढ्यात पावलं वाजली. गाडीच्या नाकापाशी दोन जाड लोकरी मोजे आणि चपला येऊन थांबल्या. आणि मेतोदीच्या तोंडावर बादलीभर बर्फासारखं गार पाणी भसकन आलं.

मेतोदी ओरडला. उठायला गेला, कपाळ इंजिनावर आपटलं, पुन्हा ओरडला. टॉर्च घरंगळत नाल्यात गेला. बाहेर आला तेव्हा समोर त्सोना आजी उभी होती, हातात रिकामी तांब्याची बादली, आणि डोळ्यांत खून.

"आई! तुम्ही?"

आजीने ओठांवर बोट ठेवलं. मग मेतोदीचा अवतार बघून तिला राहवेना. आठवडाभराचं तुंबलेलं तोंड एकदम फुटलं.

"बोलायचं नव्हतं रे, गाढवा! मुकं पाणी आहे ते! पहाटे झऱ्यावरून आणायचं, वाटेत कुणाशी बोलायचं नाही, नातीच्या वाटेवर ओतायचं आणि काम फत्ते होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. स्नेझाना पायरीवर पेलाभर पाणी सांडते, त्याने काय होणार? चिमणी तरी वाहून जाईल का? मी आपली गाडीपुढे ओतते. पहिल्या पेपरला ओतलं. जीवशास्त्राचा पेपर अवघड म्हणून त्या दिवशी दोन बादल्या ओतल्या. आज बॉल! आणि तू झोपलायस खाली! माझी अंडी घेतलीस तेव्हासुद्धा गप्प बसले मी, देवाला ठाऊक कशी बसले!"

मेतोदी गाडीच्या बंपरवर बसला. म्हणजे गाडीतून काहीच गळत नव्हतं. कधीच गळलं नव्हतं. पुठ्ठे, पाना, रुमाल, दिमित्रीनाबाईंची बोलणी, अंडी, मिरी, सगळं आजीच्या पाण्यापायी. त्याला हसू येणार होतं. इतक्यात त्याच्या अनवाणी पावलावर काहीतरी चिकट पडलं. त्याने खाली पाहिलं. निळा थेंब होता.

त्याचं कपाळ आपटलं होतं ते नेमकं होज पाइपावर, आणि बुजलेली फट पुन्हा उघडली होती.

"कुणाला सांगू नका, आई," तो म्हणाला. "रालित्साला तर मुळीच नाही."

"मी? मी कधी बोलते का?" आजी म्हणाली, आणि तासाभरात सगळ्या इमारतीला कळलं. एक रालित्सा तेवढी केस करायला मैत्रिणीकडे गेली होती म्हणून तिच्यापर्यंत पोचलं नाही.

संध्याकाळी रालित्सा खाली उतरली तेव्हा आवारातली माणसं टाळ्या वाजवायची विसरून बघत राहिली. बाटलीच्या काचेसारखा हिरवा झगा, उघडे खांदे, आणि चेहरा इतका मोठा झालेला की मेतोदीला क्षणभर वाटलं, ही कुणाची पोरगी? त्याने तिच्यासाठी मागचं दार उघडलं. आत्ताच सांगावं, मामाच्या गाडीतून जा म्हणावं, असं त्याच्या ओठावर आलं. पण ती हसून म्हणाली, "सावकाश ने हं, बाबा," आणि त्याने गिळून टाकलं. स्नेझाना आणि पेन्कोकाका फोटो काढायला चौकात पुढे गेले होते. आजी पुढच्या सीटवर आधीच शाल घेऊन बसली होती. ती उतरण्याची शक्यता नव्हती.

मिरवणूक शाळेपासून निघाली. मुंगीच्या गतीने. जुन्या इंजिनाला सगळ्यात वाईट चाल कुठली असेल तर हीच: ना वारा, ना वेग, नुसतं धापा टाकत रांगणं. शिवाय काकांच्या बलकाने फट बुजवता बुजवता निम्मा रेडिएटरही बुजवला होता. पुढच्या-मागच्या गाड्यांतून पोरं कमरेपर्यंत बाहेर लोंबकळून रिवाजाप्रमाणे ओरडत होती: "एक! दोन! तीन!" करत करत बारापर्यंत, एकेका इयत्तेचा एकेक आकडा, आणि "बारा!" म्हटलं की भोंगे. रालित्साही खिडकीबाहेर होती. मेतोदी मात्र फक्त तापमानाच्या काट्याकडे बघत होता. पोरं "चार" म्हणाली, काटा सरकला. "पाच" म्हणाली, काटा सरकला. मेतोदीच्या मानेवरून घाम ओघळायला लागला.

त्याला एक उपाय वाचलेला आठवला. हीटर पूर्ण लावला की इंजिनातली उष्णता गाडीत येते आणि इंजिनाला तेवढाच आराम मिळतो. मे महिन्यातल्या त्या उबदार संध्याकाळी त्याने हीटर पूर्ण सोडला आणि आपल्या बाजूची काच खाली करायला गेला.

"काच लाव!" आजी किंचाळली. "वाऱ्याचा झोत लागेल! मानेत झोत शिरला की माणूस जातो!"

"आई, इथे भट्टी झालीय!"

"झोतापेक्षा भट्टी बरी." आजीने शाल सोडून पाय हीटरपुढे पसरले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा या गाडीत बरं वाटतंय बघ."

मेतोदीच्या चष्म्यावर वाफ धरली. टाय ओला होऊन छातीला चिकटला. त्याला पुढची गाडी दिसेना, फक्त काटा दिसत होता, आणि काटा लाल पट्ट्यात शिरला होता. चौक समोर आला. दोन्ही बाजूंना गर्दी, हॉटेलाचे दिवे, वाद्यं. पोरं "दहा" म्हणाली. "अकरा" म्हणाली. बॉनेटखालून फुस्स असा मोठा आवाज आला, पांढरी वाफ उसळली, आणि मेतोदीची गाडी त्रोयानच्या बरोब्बर मधोमध थांबली. सगळ्या चौकात मिरी घातलेल्या ऑम्लेटचा वास पसरला.

मेतोदीला ज्याची दोन महिने भीती होती ते जसंच्या तसं घडलं होतं. लोक हसत होते. मागचे भोंगे वाजवत होते. आजी "मेले, मेले" म्हणत दार उघडून स्नेझानाकडे धावली. मेतोदीही खाली उतरला. वाफेतून पेन्कोकाका सुटाबुटात, हातात फडकं घेऊन अवतरले आणि त्यांनी सरळ बॉनेट उघडून रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

"सर बाजूला, झाकण काढून पाणी ओतू!"

"नाही!" मेतोदी ओरडला. तो इतक्या मोठ्याने आयुष्यात कधी ओरडला नव्हता. "हात लावायचा नाही, काका! उकळतंय ते. तोंड भाजून निघेल. मी अशी माणसं टेबलासमोर बसलेली बघितलीत. गार झाल्याशिवाय झाकण काढायचं नाही!"

"अरे पण त्याला वेळ लागेल. पोरीचा बॉल—"

"लागू दे."

काका दोन पावलं मागे सरले. मेतोदीही चकित झाला. तो परत गाडीत जाऊन बसला.

शेजारी उघड्या टपाची गाडी थांबली. वर्गातल्या पोरांनी रालित्साकडे हात केले. "ये ना, चढ! जागा आहे!"

मेतोदी मागे वळला. "जा, राली. मला माफ कर. जा त्यांच्याबरोबर."

रालित्साने पोरांना काहीतरी सांगितलं. ती गाडी निघून गेली. मग ती दार उघडून उतरली आणि पुढच्या सीटवर, आजीच्या जागी, बापाशेजारी येऊन बसली. टाचांचे बूट काढून तिने मांडीवर घेतले.

"किती वेळ लागेल गार व्हायला?"

"अर्धा तास तरी. मी सांगतो ना तुला, जा—"

"बरं झालं," ती म्हणाली.

मेतोदीने चष्मा पुसला. पोरीचे डोळे भरले होते. "माझ्यामुळे रडतेस?"

"नाही रे, बाबा. मला भीती वाटतेय." ती रस्त्याकडे बघत बोलत होती. "सगळे बारा बारा करून ओरडतायत. बारा म्हणून झालं की पुढे काय? सप्टेंबरात मी तिथे एकटी. तिथे मला एक माणूस ओळखत नाही. रोज रात्री झोप लागत नाही मला. आईला सांगितलं तर म्हणते, छान होईल. आजी तर आठवडाभर बोलतच नव्हती. म्हणून मी म्हटलं, तुझ्याच गाडीतून जाईन. तू इतक्या सावकाश चालवतोस ना, मला वाटलं, पोचायला जरा वेळ लागेल."

चौकात वाद्यं वाजत होती. दोन महिने आपण हिच्यासाठी घाबरत होतो, मेतोदीच्या मनात आलं, आणि पलीकडच्या खोलीत ही एकटी घाबरत होती, आणि आपल्याला पत्ता नाही. त्याला स्वतःचा राग आला. आणि मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं, की या एका विषयात त्रोयानमध्ये त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

"रात्री कधी जाग येते?"

"पहाटे. एकदम धडधडतं."

"हं. तेव्हा पडून राहायचं नाही. उठायचं, खिडकी उघडायची, पाणी प्यायचं. भीती जात नाही, पण माणूस उभा राहिलेला तिला आवडत नाही, जरा कमी होते. आणि मला फोन करायचा."

"पहाटे?"

"मी जागाच असतो."

ती हसली. मग तिने त्याच्या ओल्या खांद्यावर डोकं टेकलं, तासभर घालून केलेल्या केसांची पर्वा न करता. तो पुढचा अर्धा तास दोघं त्या बंद गाडीत बसून होती. काय काय भीती वाटते ते ती सांगत होती. ट्राम चुकेल, पैसे हरवतील, मैत्रिणी होणार नाहीत. त्यातल्या कुठल्याही भीतीला मेतोदी "छे, असं काही होत नाही" म्हणाला नाही. प्रत्येकीवर त्याने अगदी नीट विचार केला, आणि दोन-तीन नव्याही सुचवल्या.

शेवटी हॉटेलाच्या दारातून मैत्रिणी हाका मारायला लागल्या. रालित्साने बूट चढवले, आरशात डोळ्यांखालचं काजळ पुसलं आणि उतरली. दोन पावलं गेली आणि वळली.

"तू घरी जाणार आता?"

"घरी कसा जाऊ? गाडी गार व्हायला हवी. मी इथेच आहे."

ती गेली. पायऱ्यांवर एकदा मागे वळून बघितलं तिने. मेतोदीने हात केला.

पेन्कोकाका पाण्याची कॅन घेऊन जवळ आले. त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला. "अरे, गार झाली की ही! चल, पाणी भरू आणि जाऊ. स्नेझानाने जेवण ठेवलंय."

मेतोदीनेही बॉनेटवर हात ठेवून पाहिलं. पत्रा थंडगार होता.

"नाही काका," तो म्हणाला, "अजून गरमच आहे."